चिखलदऱ्याच्या पठारावर दोन तापमाप्यांसह काढलेला हिवाळा

मागच्या वर्षी जानेवारीत आमच्या लवणातल्या वावरातील हरभऱ्याची फुले मोठ्या प्रमाणात गळाली. टेकाडावरच्या वावरातला हरभरा मात्र घाट्यांनी, म्हणजे शेंगांनी, भरून आला. बियाणे एकच होते, पेरणी एकाच आठवड्यातली होती आणि फवारणीही सारखीच झाली होती. लवण म्हणजे दोन उतारांच्या मधली खोलगट जागा. आमची ही जागा टेकाडापासून पन्नास-साठ मीटर खाली, नाल्याच्या काठाला आहे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून १११८ मीटर उंचीवर असल्याने इकडच्या पठारावर सगळ्यांचा समज असा, की जितके वर जावे तितका गारठा अधिक. तो समज खरा धरला, तर वरचे पीक वाचले आणि खालचे गेले याचा उलगडा होत नव्हता. त्यासाठीच या हिवाळ्यात मी दोन कमाल-किमान तापमाप्या विकत घेतल्या आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत दोन्ही वावरांतील नोंदी रोज सकाळी वहीत लिहिल्या. या उपकरणाबद्दल माझे जे मत झाले, ते एका पूर्ण हंगामाच्या वापरावर आधारलेले आहे.

कमाल-किमान तापमापी जेम्स सिक्स या इंग्रज गृहस्थाने १७८० मध्ये तयार केली आणि तिची रचना आजही जवळपास तशीच आहे. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी, तिच्या तळाच्या भागात पारा, डाव्या बाजूच्या वरच्या फुग्यात अल्कोहोल, आणि दोन्ही बाजूंना पाऱ्याच्या टोकावर टेकलेला एकेक बारीक पोलादी दर्शक. हवा तापली की अल्कोहोल प्रसरण पावते, पारा उजव्या बाजूने वर चढतो आणि तिथल्या दर्शकाला पुढे ढकलतो. हवा थंड झाली की पारा डाव्या बाजूने वर येतो आणि तिथला दर्शक सरकतो. पारा मागे फिरला तरी दर्शक जिथे पोहोचला तिथेच अडकून राहतो, म्हणून रात्रभर जागे न राहता सकाळी सर्वांत कमी तापमान वाचता येते. डावीकडची मापपट्टी उलटी असते, म्हणजे वर जाऊ तसे आकडे कमी होत जातात. नवख्या माणसाची इथे हमखास चूक होते. माझ्या नातवाने पहिल्या आठवड्यात दर्शकाचे वरचे टोक वाचून नोंदी केल्या होत्या आणि त्या सगळ्या खोडाव्या लागल्या. दर्शकाचे पाऱ्याकडचे, म्हणजे खालचे टोक वाचायचे असते आणि डोळा त्याच पातळीवर आणायचा असतो.

खरेदीचा पहिला अनुभव चांगला नव्हता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवलेली तापमापी पोहोचली तेव्हा तिच्यातील पारा दोन ठिकाणी तुटलेला होता आणि मध्ये अल्कोहोलचे बुडबुडे अडकले होते. विक्रेत्याने ती परत घेण्यास नकार दिला. त्यानंतर मी अमरावतीला जाऊन प्रयोगशाळेचे साहित्य विकणाऱ्या एका जुन्या दुकानातून दोन तापमाप्या समोर बघून घेतल्या. दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत आल्या. तुटलेली तापमापीही मी सोबत नेली होती. दुकानदारांनी ती उभी धरून मनगटाने खाली दोन-तीन जोरकस झटके दिले आणि पारा सलग करून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत. प्रवासात तापमापी आडवी ठेवली की पारा तुटतो, हेही त्यांनीच सांगितले. म्हणून अमरावती ते परतवाडा आणि पुढे घाटातून वर येईपर्यंत एसटीत मी दोन्ही तापमाप्या पिशवीत उभ्या धरून बसलो.

विकत घेतलेल्या तापमापीवर लगेच विश्वास ठेवू नये, तिची बर्फात परीक्षा घ्यावी. परतवाड्याहून थर्मासमध्ये आणलेला बर्फ मी गोणपाटात घालून मुसळाने बारीक कुटला, उंच डब्यात दाबून भरला आणि कणांमधल्या फटी भरतील इतकेच पाणी वर ओतले. वितळत्या बर्फाचे तापमान शून्य अंश असते. डबा साधा असो की महागडा, त्यात फरक पडत नाही. दोन्ही तापमाप्या त्यात फुग्यापर्यंत बुडवून पंधरा-वीस मिनिटे ठेवल्या. एकीचा पारा बरोबर शून्यावर आला, दुसरीचा एक अंशावर थांबला. पाणी ओतून देऊन पुन्हा नवा बर्फ भरला, तरी दुसरी एक अंशच दाखवत होती. तेव्हा तिच्या पाठीवर मी रंगाने ‘एक वजा’ असे लिहून ठेवले आणि हंगामभर तिच्या प्रत्येक नोंदीतून एक अंश वजा केला. हा दोष फार मोठा नाही, पण माहीत नसता तर दोन वावरांची तुलना पहिल्याच दिवसापासून चुकली असती. ज्यांना बर्फ मिळणे शक्य नाही त्यांनी निदान दोन्ही तापमाप्या दोन दिवस एकाच खोलीत शेजारी टांगून बघाव्यात.

तापमापीइतकाच विचार तिच्या पेटीचा करावा लागतो. अनेक जण ती घराच्या भिंतीवर किंवा झाडाच्या बुंध्यावर टांगतात. दिवसभर तापलेली भिंत रात्री उष्णता सोडत राहते आणि आकडा वर जातो. उघड्या आकाशाखाली टांगली तर दिवसा ऊन थेट लागते, आणि रात्री काच स्वतःच आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेपेक्षा थंड होते. यावर थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात योजलेली झिलमिलीची पांढरी पेटी आजही जगभरच्या वेधशाळांत वापरली जाते. आमच्या गावच्या सुतारकाकांनी जुन्या सागवानी खिडक्यांच्या पट्ट्यांतून तशा दोन पेट्या बनवून दिल्या: चारही बाजूंना तिरप्या पट्ट्या, वर दुहेरी छत, पांढरा ऑइल पेंट, आणि तापमापीचा फुगा जमिनीपासून सव्वा मीटरवर येईल इतके उंच पाय. दार उत्तरेकडे ठेवायचे, म्हणजे सकाळी दार उघडल्यावर ऊन आत शिरत नाही. दोन पेट्यांना दोन तापमाप्यांपेक्षा जास्त खर्च आला, तरी तो वाचवू नये असेच मी सांगेन. टेकाडावरच्या पेटीला आश्रमशाळेची मुले आता ‘वेधशाळा’ म्हणतात आणि शाळेत जाता-येता आजचा आकडा विचारतात.

नोव्हेंबर बहुतांशी शांत गेला. रात्री हळूहळू थंड होत होत्या आणि दोन्ही पेट्यांतील किमान तापमानात अंश-दोन अंशांहून अधिक फरक नव्हता. डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात आभाळ भरून आले. बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले की तिकडची आर्द्र हवा विदर्भावर येते. ढगांचे पांघरूण जमिनीतून निघणारी उष्णता परत खाली पाठवते आणि डिसेंबरातही रात्री ऊबदार राहतात. त्या दिवसांत दोन्ही तापमाप्या अगदी सारखा आकडा दाखवत होत्या. आपली तुलना फुकट गेली असे तेव्हा मला वाटले होते. पुढे त्याच नोंदी सर्वांत उपयोगाच्या ठरल्या.

डिसेंबरच्या उत्तरार्धात आभाळ मोकळे झाले, उत्तरेकडची कोरडी हवा वाहू लागली आणि मग ती थांबली. वारा पडलेल्या पहिल्याच सकाळी टेकाडावरची पेटी उघडली तर किमान दहा अंश होते. उतार उतरून लवणात जाईपर्यंत वीस मिनिटे गेली. खालच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पाऊल ठेवताच कान आणि नाक बधिर झाले, गवतावरचे दव पायताणातून आत शिरले. पेटी उघडून दर्शकाचे खालचे टोक पाहिले, एक वजा केला, तरी विश्वास बसेना म्हणून चष्मा पुसून पुन्हा पाहिले. साडेपाच अंश. वरच्यापेक्षा साडेचार अंशांनी कमी. जानेवारीत अशा सकाळी वारंवार आल्या.

याचे कारण हवेच्या वजनात आहे. निरभ्र, कोरड्या आणि निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे वेगाने सोडते आणि जमिनीलगतची हवा तिच्यासोबत थंड होते. थंड हवा जड असल्याने ती उतारावरून खाली घरंगळते आणि खोलगट जागी साचते. तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो आणि टेकाड त्या उबदार थरात असते. पहाटे वरून पाहिले तर हे डोळ्यांनाही दिसते: लवणावर धुक्याची सपाट चादर पसरलेली असते आणि टेकाडावरचे मोहाचे झाड तिच्या वर कोरडे उभे असते. वारा सुटला की थर मिसळतात आणि फरक नाहीसा होतो. ढग आले की जमीन फारशी थंड होत नाही. माझ्या वहीत म्हणूनच रात्रींचे तीन प्रकार पडले आहेत. ढगाळ रात्री दोन्ही पेट्या सारख्या, वाऱ्याच्या रात्री वरची पेटी किंचित थंड, आणि निरभ्र, निवांत रात्री खालची पेटी खूप थंड. डिसेंबरमधल्या ढगाळ दिवसांच्या नोंदी नसत्या तर खालची तापमापीच बिघडलेली आहे असे मी समजलो असतो.

आमच्या शेजारच्या कोरकू आदिवासी आजोबांना मी हे मोठ्या उत्साहाने सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “गुरुजी, थंडी पाण्यावानी उताराले लागते. तुमाले यंत्र पायजे, आमाले पाय सांगते.” त्यांच्या वाडवडिलांनी घरे नाल्याकाठी न बांधता उताराच्या मध्यावर बांधली, त्यामागे हेही एक कारण असावे असे मला आता वाटते.

दिवसाचे चित्र मात्र लोकांच्या समजाप्रमाणेच असते. दुपारी हवा चांगली ढवळली जाते आणि उंचीनुसार तापमान कमी होत जाते; सरासरीने हजार मीटरला साडेसहा अंश इतका हा फरक मानला जातो. म्हणूनच जानेवारीच्या दुपारी परतवाड्याहून घाट चढून आलेल्या माणसाला इथे गारवा वाटतो, आणि तोच अनुभव आपण रात्रीलाही लावतो. पहाटेच्या थंडीला उंचीपेक्षा कोरडी हवा, मोकळे आभाळ आणि जमिनीची ठेवण अधिक कारणीभूत असते. नागपूर समुद्रसपाटीपासून अवघे तीनशे मीटरच्या आसपास आहे, तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी तिथे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले होते.

जानेवारीत एका सकाळी लवणातल्या तणसाच्या ढिगावर दव गोठून पांढरे झाले होते. मुलांनी त्याचे फोटो काढले आणि पारा शून्याखाली गेला अशी बातमी संध्याकाळपर्यंत गावभर झाली. माझ्या पेटीत त्या दिवशी साडेतीन अंशांची नोंद होती. अनेकांनी मला तापमापी खोटी असल्याचे सांगितले, म्हणून याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. पेटीतील तापमापी जमिनीपासून सव्वा मीटरवरच्या हवेचे तापमान दाखवते. तणस, गवताची पाती, गाडीचा टप यांच्यासारख्या वस्तू उघड्या आकाशाखाली स्वतःची उष्णता गमावून त्या हवेपेक्षा काही अंशांनी अधिक थंड होतात. हवामान खात्याच्या वेधशाळांत म्हणूनच गवताच्या पातीच्या उंचीवर वेगळी तापमापी ठेवण्याची पद्धत आहे. दव गोठले हे खरे आणि पेटीतले साडेतीन अंशही खरे. पिकाला जे सोसावे लागते ते मात्र पेटीपेक्षा पातीच्या तापमानाच्या जवळचे असते, हे मी या सकाळीच शिकलो. तेव्हापासून लवणात किमान पाच अंशांच्या खाली गेले की पाती शून्याजवळ असतील असे मी धरून चालतो. ही थंडीची लाट होती का, असेही काहींनी विचारले. हवामान खात्याच्या निकषांनुसार डोंगराळ ठिकाणी किमान तापमान शून्य अंश किंवा त्याहून खाली गेल्याशिवाय थंडीची लाट मानली जात नाही. मैदानी भागासाठी ही मर्यादा दहा अंशांची आहे आणि सहसा तापमान सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी घसरावेही लागते.

शेतीच्या दृष्टीने या उपकरणाने मला काय दिले, ते आता सांगतो. हरभरा फुलोऱ्यात असताना थंडीचा कडाका वाढला की घाटे धरत नाहीत आणि फुले गळतात. ओलसर जमीन दिवसा उष्णता अधिक साठवते आणि रात्री ती सावकाश सोडते, म्हणून थंडीच्या रात्री संध्याकाळी हलके पाणी देण्याचा सल्ला दिला जातो. पण फुलोऱ्यात हरभऱ्याला वारंवार पाणी मिळाले तर पाला वाढत राहतो आणि घाटे कमी धरतात. कृषिपंपाची लाइनही आपल्या सोयीने येत नाही. त्यामुळे नेमक्या कोणत्या संध्याकाळी पाणी द्यायचे हे कळणे फार मोलाचे आहे. या वर्षी सूर्यास्ताच्या सुमाराला आभाळ स्वच्छ, वारा बंद आणि लवणातली तापमापी वरच्यापेक्षा दोन अंशांनी खाली, अशी तिन्ही लक्षणे एकत्र दिसली तेव्हाच मी लवणात तुषार संच चालवला. पूर्ण हंगामात असे चार वेळा केले. टेकाडावर एकदाही केले नाही आणि त्या वावराला गरजही पडली नाही. लवणातला हरभरा या वेळी घाट्यांनी लगडला. पाऊसमान, बियाणे आणि रोगराई या गोष्टी दोन वर्षांत सारख्या नसतात, म्हणून सगळे श्रेय तापमापीला देणे योग्य होणार नाही. पण मागच्या वर्षी मी थंडी वाटेल त्या रात्री दोन्ही वावरांत पाणी सोडत होतो. या वर्षी ते पाणी वाचले आणि डिझेलही वाचले. धुऱ्यावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करण्याचा उपाय मी दोनदा करून पाहिला. पेटीतील आकड्यात मला फरक आढळला नाही.

उपकरणाचे दोषही सांगितले पाहिजेत. मापपट्टीवर एक-एक अंशाच्या खुणा आहेत, त्यामुळे अर्धा अंश अंदाजानेच वाचावा लागतो. दर्शक पूर्ववत करण्यासाठी सोबत मिळालेला लोहचुंबक अगदीच दुबळा होता. दर्शक अर्ध्यावर येऊन अडकत असे. जुन्या स्पीकरमधला चुंबक वापरायला लागल्यापासून ही अडचण गेली. तापमापी एकाच खिळ्यावर टांगायची असल्यामुळे वाऱ्यात ती हलते, आणि हादऱ्याने दर्शक जागचा सरकतो. टेकाडावरच्या पेटीत फेब्रुवारीतल्या दोन नोंदी याच कारणाने मी बाद केल्या आणि मग खालच्या बाजूला दुसरा स्क्रू बसवला. पट्टीवरचे छापील आकडे चार महिन्यांत किंचित पुसट झाले आहेत. पेटीत नसती तर ते उन्हाने पार गेले असते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या तापमापीत पारा आहे. पाऱ्याच्या वापरावर मर्यादा आणणाऱ्या मिनामाटा करारात भारत २०१८ मध्ये सामील झाला आणि अशी उपकरणे हळूहळू मागे पडत आहेत. ज्यांना शाळेसाठी घ्यायची आहे त्यांनी पाराविरहित प्रकारच घ्यावा. घरात लहान मुले असतील तर फुटलेल्या तापमापीतला पारा हाताने गोळा करू नये, हे आधीच सर्वांना सांगून ठेवावे.

मुलाने दिलेले एक डिजिटल यंत्रही मी महिनाभर सोबत चालवले. आकडे मोठे दिसतात, आर्द्रताही कळते, पण त्याचा संवेदक काळ्या प्लास्टिकच्या डबीत आहे. पेटीबाहेर ठेवल्यावर दुपारी तो चार-पाच अंश जास्त दाखवत असे. पेटीत ठेवला तेव्हा ठीक चालला. मोबाइलवरचा अंदाज दुसऱ्या दिवशी ढग असतील की आभाळ मोकळे राहील हे ठरवण्यासाठी मी रोज पाहिला आणि त्याचा उपयोग झाला. त्यातला किमान तापमानाचा आकडा मात्र कित्येक किलोमीटरच्या चौकोनासाठी एकच असतो. माझी दोन्ही वावरे त्याच चौकोनात येतात, त्यामुळे टेकाड आणि लवण यांतला फरक तो सांगू शकत नाही.

ज्यांची जमीन सपाट आणि एकाच पातळीवर आहे, त्यांना दोन तापमाप्यांची गरज नाही. त्यांचे काम एका तापमापीत होईल. ज्यांच्या वावरांना चढउतार आहेत, विशेषतः मेळघाटच्या पायथ्याला, नाल्यांच्या काठी संत्र्याच्या बागा असलेल्या शेतकऱ्यांनी एक वर आणि एक खाली अशा दोन जरूर घ्याव्यात. संत्र्याच्या आंबिया बहाराची फुले याच थंडी ओसरण्याच्या काळात येतात आणि बागेचा नेमका कोणता कोपरा उशिरा फुलतो याचे उत्तर त्यांना मिळू शकेल. नोंद रोज एकाच वेळी घ्यावी. मी हवामान खात्याप्रमाणे सकाळी साडेआठची वेळ पाळली, कारण सर्वांत कमी तापमान साधारण सूर्योदयाच्या सुमाराला होऊन गेलेले असते. नोंद झाल्यावर दर्शक पूर्ववत करायला विसरू नये. मी तीन वेळा विसरलो आणि त्या तीन दिवसांसमोर वहीत रेघ मारली आहे.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात वारे सुरू झाले, रात्री लहान झाल्या आणि दोन्ही पेट्यांतला फरक अर्ध्या अंशावर आला. लवणातली तापमापी मी आता अचलपूरकडच्या एका संत्राबागायतदार नातेवाइकांना उन्हाळ्यापुरती दिली आहे. ती उभी धरून न्या, असे त्यांना बजावले आहे आणि पाठीवरचे ‘एक वजा’ही दाखवले आहे. सुतारकाकांकडून पावसाळ्याआधी दोन्ही पेट्यांना पुन्हा पांढरा रंग द्यायचा आहे. खालच्या पेटीच्या मागच्या पायाला वाळवी लागलेली दिसते, तेवढा पाय तेव्हाच बदलून घेईन.